खरेदी बिलं आणि बँक स्टेटमेंट स्कॅन करून टॅलीत घ्यायची आहेत : सॉफ्टवेअर घ्यावं का, काय सांभाळावं?

हिशोबनीस :

नमस्कार मंडळी. करसल्लागाराचं ऑफिस आहे, जीएसटीचे साधारण ऐंशी ग्राहक. बहुतेक किरकोळ व्यापारी, दोन-चार कारखानदार, काही अडते. बिलं पिशवीतून येतात, उरलेली व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून. सगळ्या नोंदी टॅलीप्राइम या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने पडतात आणि ११ ते २० तारखेदरम्यान कुणालाच मान वर करायला फुरसत नसते.

बिल स्कॅन करा, सॉफ्टवेअर वाचेल आणि नोंद आपोआप पडेल, असे डेमो बघितले. डेमोतलं बिल लेझर प्रिंटरवरून नुकतंच निघालेलं. आमची बिलं घडी पडलेली, पिना टोचलेली, आणि दुकानाचा शिक्का नेमका रकमेवर.

तर विचारायचं असं : ओसीआरवर (स्कॅनमधला मजकूर वाचणारं तंत्र) कितपत विसंबावं? आकडा चुकीचा वाचला गेला तर तो कुठे आणि कसा पकडायचा? बँक स्टेटमेंटचं पीडीएफ एक्सेलमध्ये नेताना ओळी गळतात, त्यावर उपाय काय? आणि स्कॅनर कसा घ्यावा?


जमाखर्च :

सॉफ्टवेअरचं शेवटी ठरवा. आधी बिलांचे ढीग पाडा, कारण निम्म्याहून जास्त बिलांना ओसीआर लागतच नाही.

नोंदणीकृत विक्रेत्याच्या बिलाचे आकडे जीएसटीआर-२बीत (विक्रेत्यांनी कळवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) तयार मिळतात. १४ तारखेला तो निघाला की एक्सेल उतरवा. बी२बीच्या पानावर जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), विक्रेत्याचं नाव, बिल क्रमांक, तारीख, करपात्र रक्कम आणि तिन्ही कर (आयजीएसटी, सीजीएसटी, एसजीएसटी) वेगवेगळ्या रकान्यांत असतात. हे आकडे विक्रेत्याने स्वतः भरलेले असतात आणि कलम १६(२)(एए)मुळे क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) त्याच यादीवर अवलंबून आहे. मग तीच माहिती चुरगळलेल्या कागदावरून पुन्हा वाचून घेण्यात काय हशील? २बीवरून नोंदी टॅलीत घ्या आणि स्कॅन केलेलं बिल पुरावा म्हणून त्या नोंदीला जोडा.

मात्र २बी काही गोष्टी सांगत नाही. माल आहे, खर्च आहे की यंत्र आहे, हे त्यात कळत नाही. मालकाच्या गाडीचं किंवा हॉटेलच्या जेवणाचं बिलही ‘क्रेडिट उपलब्ध’ म्हणून येतं, कलम १७(५) (कशावर क्रेडिट मिळत नाही ते) त्याला आपण लावायचं असतं. म्हणून खातं निवडताना बिलाची प्रतिमा माणसाने बघायलाच हवी. ही पायरी वाचवणारं सॉफ्टवेअर मला तरी धोक्याचं वाटतं.

दुसरा ढीग ई-इन्व्हॉइसचा, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलांचा. पाच कोटींहून जास्त उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३पासून तो सक्तीचा आहे, त्यामुळे मोठ्या पुरवठादारांच्या बिलावर क्यूआर असतो. त्यात दोघांचे जीएसटीआयएन, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, किती ओळी आहेत तो आकडा, मुख्य मालाचा एचएसएन (वर्गीकरण क्रमांक) आणि ६४ अक्षरी आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा नोंद क्रमांक) असतो. यूएसबीला लागणारा टूडी स्कॅनर घ्या. तो कीबोर्डसारखा चालतो, कर्सर असेल तिथे मजकूर टाइप करतो. दुकानात बारकोडला वापरतात तो साधा लेझर स्कॅनर क्यूआर वाचत नाही. येणारा मजकूर टिंबांनी तोडलेल्या तीन तुकड्यांत असतो. मधला तुकडा बेस६४ या सांकेतिक रूपातून उलगडला की माहिती दिसते; एक्सेलमध्ये पॉवर क्वेरीने हे जमतं. करपात्र रक्कम आणि कराची फोड त्यात नसते, एकूण रक्कमच असते. पण २बीच्या एक्सेलमध्ये आयआरएनचा रकाना आहे, तेव्हा बिल आणि २बीची ओळ आयआरएनवर जुळवा. बिल क्रमांकावर जुळवायला गेलात की एकाकडे ‘००४५’ आणि दुसऱ्याकडे ‘४५’ निघतं आणि अर्धा दिवस जातो. बिलावर यूपीआयचाही क्यूआर असतो, तो वेगळा. नवीन मुलगा हमखास तोच स्कॅन करतो.

उरला तिसरा ढीग : नोंदणी नसलेले विक्रेते, कंपोझिशनवाल्यांची (उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्यांची) बिल ऑफ सप्लाय, तिमाही विवरण भरणारे पण आयएफएफमध्ये (त्यांना मधल्या महिन्यांत बिलं चढवायची सोय) बिल न चढवलेले, आणि ज्यांनी विवरणच भरलेलं नाही असे. ओसीआर लागलाच तर इथे.


ताळेबंद :

जमाखर्च, तुमचं बरोबर आहे, पण १४ तारखेपर्यंत सगळ्यांनाच थांबता येत नाही. कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावर बँकेची उचल) असलेल्या कारखानदाराला बँकेत स्टॉक स्टेटमेंट त्याआधी द्यावं लागतं. शिवाय २बीत मालाची यादी नसते. स्टॉक आयटमवार नोंद ठेवणाऱ्यांना बिलातली प्रत्येक ओळ हवी असते आणि ती कागदावरूनच येणार. अशा ग्राहकांना ओसीआर उपयोगी पडतो. अट एकच : वाचलेलं पडताळणीच्या चाळणीतून गेल्याशिवाय टॅलीत जाता कामा नये.

हिशोबनीस, डेमोत ‘किती टक्के अचूक’ असं विचारू नका. चुकलेलं बिल कसं बाजूला काढता, ते दाखवायला लावा. चाळणीत निदान एवढं हवं.

जीएसटीआयएनला १५ जागा. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढचे दहा पॅन, म्हणजे पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. तेरावी जागा त्या पॅनवर राज्यात कितवी नोंदणी ते दाखवते, चौदावीवर बहुधा ‘झेड’, पंधरावी तपासणीची. कुठे अक्षर आणि कुठे अंक हे ठरलेलं असल्यामुळे ओसीआरने पॅनच्या अंकाच्या जागी ‘ओ’ वाचलं तर ते शून्यच असणार. ‘आय’ आणि एक, ‘एस’ आणि पाच, ‘बी’ आणि आठ, ‘झेड’ आणि दोन या जोड्याही अशाच सुटतात.

पंधरावा तपासायचा तर : अंकांना तेच मूल्य, ‘ए’ला १० पासून ‘झेड’ला ३५ पर्यंत. विषम जागांना १ ने गुणा, सम जागांना २ ने. प्रत्येक गुणाकाराला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्या. चौदा जागांची एकूण बेरीज ३६ ने भागून उरलेली बाकी ३६ मधून वजा करा (३६ आलं तर शून्य). येणाऱ्या मूल्याचं अक्षर पंधराव्या जागी हवं. एक अक्षर चुकीचं वाचलं गेलं असेल तर ही तपासणी ते पकडतेच.

बिल क्रमांक नियम ४६प्रमाणे जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच. सतरा आली तर शेजारचा चलन नंबर किंवा तारीख चिकटली आहे. पुढे कराचं गणित : विक्रेता आणि ग्राहक दोघंही २७चे असतील तर साधारणपणे सीजीएसटी आणि एसजीएसटी समान, वेगळे निघाले की एक आकडा चुकला. करपात्र रक्कम गुणिले दर आणि छापलेला कर यांत रुपयाभरापेक्षा जास्त फरक दिसला की बिल बाजूला. दरांची यादी तारखेप्रमाणे ठेवा. २२ सप्टेंबर २०२५पासून १२ आणि २८चा बहुतेक माल ५, १८ किंवा ४०मध्ये गेला आहे. त्यानंतरच्या बिलावर १२ वाचलं गेलं तर ते एकदा डोळ्यांनी बघा, आणि त्याआधीच्या बिलावरचे १२ ‘चूक’ म्हणून अडवू नका.

दुबार नोंदीसाठी जीएसटीआयएन, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष मिळून एक किल्ली करा. वर्ष का? क्रमांक त्या वर्षापुरताच एकमेव असतो, एप्रिलमध्ये तोच विक्रेता पुन्हा १ पासून सुरू करतो. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो आणि पिशवीतला कागद ही एकाच बिलाची दोन रूपं फक्त इथेच सापडतात.


रोजकीर्द :

बँकेचं मी सांगतो.

पीडीएफ उघडा आणि मजकूर माउसने निवडून बघा. निवडला जात असेल तर आत खरा मजकूर आहे, ओसीआर लावू नका, नाहक चुका वाढतील. पण त्याहूनही आधी ग्राहकाला नेट बँकिंगमधून एक्सेल किंवा सीएसव्ही काढून पाठवायला सांगा. पीडीएफ पाठवणं त्यांना सोयीचं वाटतं म्हणून ते येतं. एकदा फोनवर बसून बटण कुठे आहे ते दाखवलं की पुढच्या महिन्यापासून नीट येतं. आणि ‘पीडीएफचं एक्सेल फुकट करून मिळेल’ अशा वेबसाइटवर ग्राहकाचं स्टेटमेंट चढवू नका. ते कुणाच्या संगणकावर राहतं, हे तुम्हाला ठाऊक नसतं आणि ग्राहकाने त्याला संमती दिलेली नसते.

एक्सेलमध्ये आल्यावर पहिलं काम, शेजारी अनुक्रमांकाचा रकाना घाला. काही बँका ताजा व्यवहार वर छापतात. असं स्टेटमेंट तारखेने उलटं लावलं की एकाच दिवसातल्या व्यवहारांचा क्रम बिघडतो आणि शिल्लक जुळेनाशी होते. अनुक्रमांकाने उलटं लावा.

मग एक रकाना तपासणीचा : आधीच्या ओळीची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे, वजा या ओळीची शिल्लक. उत्तर प्रत्येक ओळीला शून्य यायला हवं. पहिली बिनशून्याची ओळ जिथे दिसेल तिथेच गळती आहे. फक्त सुरुवातीची आणि अखेरची शिल्लक जुळवून समाधान मानू नका. तेवढीच रक्कम जमा आणि नावे दोन्हींतून गळली तरी ती जुळते.

गळती बहुधा ठरलेल्या जागी असते. तपशील दोन-तीन ओळींत मोडला की खालची ओळ स्वतंत्र व्यवहार समजली जाते. पान बदलताना ‘पुढे नेले’ची ओळ व्यवहार म्हणून घुसते. ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिट खात्यात शिलकीपुढचं ‘डीआर’ (नावे) गळतं आणि उणे शिल्लक अधिक होते. खातं मधेच उण्यात जाऊन परत वर येत असेल तर हे पटकन लक्षात येत नाही, तपासणीचा रकाना मात्र ओरडतो.

एक्सेलचे स्वतःचे उद्योग वेगळेच. पंधरा अंकांनंतर तो शून्यं भरतो, त्यामुळे लांब खाते क्रमांक बिघडतात. चेक क्रमांकापुढची शून्यं उडतात. बिल क्रमांक ‘५/२४’ असेल तर त्याची तारीख होते. फाइलवर दोनदा टिचकी मारून उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधून मजकूर किंवा सीएसव्ही म्हणून आयात करा आणि क्रमांकांचे रकाने ‘टेक्स्ट’ ठरवा. तारखेत दिवस आधी की महिना आधी तेही तिथेच ठरतं. महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या तारखा उलटसुलट झाल्या आणि १३पासूनच्या मजकूर म्हणून डावीकडे चिकटल्या, तर समजा सेटिंग अमेरिकी आहे.

तपशिलावरून खातं ओळखायचे नियम लावता येतात, यूपीआय आयडी किंवा नावातल्या शब्दावर. ओळख पटली नाही तर सस्पेन्स, म्हणजे तात्पुरतं खातं. अंदाजाने खातं लावण्याची सोय असेल तर ती बंद ठेवा. शेवटचं म्हणजे ग्राहकाच्या दोन बँका असतील तर एका खात्यातून दुसऱ्यात गेलेली रक्कम दोन्ही स्टेटमेंटांतून येते आणि काँट्रा नोंद दोनदा पडते. ज्या खात्यातून पैसे गेले त्याच बाजूने नोंद करा, दुसऱ्या बाजूची ओळ वगळा.


हिशोबनीस :

फार उपयोगी माहिती, आभार. दोन शंका राहिल्या. अडत्यांच्या मराठीतल्या हस्तलिखित हिशोबपट्ट्या आणि पतसंस्थेचे पासबुक, याचं काय करायचं? आणि एक्सएमएल (टॅलीत नोंदी एकगठ्ठा घ्यायची फाइल) टॅलीत घेताना ती मधेच थांबते, काही नोंदी जातात, काही नाही.


ताळेबंद :

टॅलीचं आधी. एक्सएमएल थांबण्याची नेहमीची कारणं थोडीच आहेत. पक्षाच्या नावात ‘&’ असेल आणि तो एक्सएमएलच्या नियमाप्रमाणे बदलून लिहिलेला नसेल तर फाइल तिथेच फुटते. खात्याचं नाव टॅलीतल्या नावाशी जुळलं नाही तर ती नोंद नाकारली जाते. म्हणून आधी मास्टर (खात्यांची नावं), मग व्हाउचर (व्यवहारांच्या नोंदी). तारीख सलग आठ अंकांत हवी, वर्ष आधी, जसं २०२५०४०१ (फाइलमध्ये अर्थात इंग्रजी अंकांत). आणि एक्सएमएलमध्ये नावे रक्कम उणे चिन्हाने जाते, हे ज्याला माहीत नसतं त्याची सगळी खरेदी उलटी पडते. एक्सएमएल स्वतः बनवत असाल तर टॅलीतूनच एक व्हाउचर बाहेर काढा आणि त्याचा साचा वापरा. साध्या कामाला टॅलीप्राइम ४.०पासून एक्सेल थेट आयात होतं, तेच बरं पडेल.

आयात करण्याआधी बॅकअप, आणि पहिल्यांदा कंपनीच्या प्रतीत आयात. तिथे व्हाउचरांची संख्या, करपात्र बेरीज आणि तिन्ही करांच्या बेरजा एक्सेलशी जुळल्या की मगच खऱ्या कंपनीत. प्रायव्हेट लिमिटेड ग्राहकांत तर हे टाळूच नका. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांना एडिट लॉग असलेलंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. चुकीच्या शेकडो नोंदी आयात करून पुसल्यात तर त्या पुसल्याची नोंद कायम राहते आणि ऑडिटर विचारणारच.


जमाखर्च :

पट्ट्यांवर ओसीआरचा पैसा घालवू नका. छापील देवनागरी ओसीआरला बऱ्यापैकी वाचता येतं, हाताचं अक्षर नाही. त्यात आकड्यांचा घोळ : मराठी १ इंग्रजी नऊसारखा वाचला जातो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा, मराठी ५ इंग्रजी चारसारखा. एकाच पट्टीत वजन मराठी आकड्यांत आणि रक्कम इंग्रजीत असेल तर काहीही होतं. पट्टी संगणकावर छापलेली असेल तर ज्या प्रोग्राममधून ती निघाली त्यातूनच एक्सेल मागा. हाती लिहिलेली असेल तर प्रत्येक अडत्यासाठी एक्सेलचा एक तक्ता करा : नग, वजन, दर, हमाली, तोलाई, भाडं, निव्वळ. निव्वळ रकमेचं गणित तक्त्याला करू द्या आणि पट्टीवरची निव्वळ शेजारी टाइप करा. फरक आला तर लगेच दिसतो. ओसीआर करून मग दुरुस्त करत बसण्यापेक्षा हे लवकर उरकतं.

पतसंस्थेकडे खाते उतारा मागा, पासबुक नको. पासबुकात ओळ ओळीवर छापलेली असते आणि रिबन उडालेली. उतारा पीडीएफमध्ये मिळाला तरी त्यातला मराठी मजकूर कॉपी करून बघा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर अगम्य अक्षरं येतील. रोजकीर्द यांचा ‘मजकूर निवडला जातो तर ओसीआर नको’ हा नियम अशा पीडीएफला लागू नाही. त्याची प्रतिमा करून ओसीआर लावलेलाच बरा. शिल्लक तपासणीचा रकाना इथेही हवाच.


दप्तरी :

स्कॅनरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कागद आपोआप ओढणारा, दोन्ही बाजू एकदम घेणारा आणि अल्ट्रासॉनिक डबल-फीड सेन्सर असलेला घ्या. दोन पातळ कागद चिकटून गेले की तो थांबतो. हा सेन्सर नसेल तर बिल गायब झालेलं महिनाअखेरीस कळतं.

३०० डीपीआय, ग्रेस्केल. २००ला बारीक छपाईतले ८ आणि ६ मिसळतात. ६००ला पिक्सेल चौपट होतात, वेग पडतो आणि छापील बिलाला फायदा जवळपास काही नाही. निव्वळ काळा-पांढरा मोड गुलाबी-पिवळ्या कार्बन प्रतींवर टाळा, फिकट आकडे उडून जातात. शिक्का निळा किंवा जांभळा असेल तर ते बिल रंगीत स्कॅन करा, रंग वेगळा काढून खालचा आकडा वाचता येतो.

प्रत्येक पानावर एकाच जागी उभी रेघ येत असेल तर काचेच्या अरुंद पट्टीवर कण बसलाय, ती पुसा. कागद अडकायला लागले तर रोलर आणि सेपरेशन पॅड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. तरी फरक नाही पडला तर पॅड बदलायची वेळ आली. पिना काढल्याशिवाय गठ्ठा लावू नका, काचेवर ओरखडा पडला की तो कायमचा.

पेट्रोल पंपाच्या, टोलच्या थर्मल पावत्या आल्या दिवशीच स्कॅन करा. त्यांवर सेलोटेप किंवा गोंद लावू नका, छपाई उडते. लॅमिनेट केल्यात तर अख्खी पावती काळी होते. छोट्या पावत्या पारदर्शक कॅरिअर शीटमध्ये घालून ओढा.

फाइलच्या नावात तारीख वर्षापासून, मग विक्रेता, मग बिल क्रमांक. विंडोज तिरकी रेघ घेत नाही, तिथे आडवी टाका आणि सगळीकडे तीच पद्धत ठेवा, नाहीतर शोधताना सापडणार नाही. आणि स्कॅन झालं म्हणून कागद रद्दीत देऊ नका. जीएसटीच्या कलम ३६प्रमाणे हिशोब वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. ग्राहकाला मूळ बिलं परत करत असाल तर महिन्यानुसार गठ्ठ्यावर व्हाउचर क्रमांक कुठपासून कुठपर्यंत ते लिहून द्या आणि पोच घ्या.


हिशोबनीस :

चाळणीचा तक्ता आधी एक्सेलमध्येच बनवतो आणि जमाखर्च यांनी सांगितल्याप्रमाणे २बीपासून सुरुवात करतो. टूडी स्कॅनर लगेच मागवतोय. एक छोटं विचारायचं राहिलं : उत्पन्नकराला एआयएस (आयकर खात्याकडची वर्षभराच्या व्यवहारांची माहिती) थेट सॉफ्टवेअरमध्ये घेतला तर चालतो का?


रोजकीर्द :

घ्या, पण जूनच्या मध्यानंतर. चौथ्या तिमाहीच्या टीडीएस विवरणाची मुदत ३१ मे असते, त्याआधी उतरवलेल्या एआयएस आणि २६एएसमध्ये (कापलेल्या कराचा उतारा) शेवटच्या तिमाहीची कपात अपुरी असते. एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन इंग्रजी लहान अक्षरांत आणि त्यापुढे जन्मतारखेचे आठ अंक. फर्म किंवा कंपनीला स्थापनेची तारीख. आयात झाल्यावर तीन गोष्टी हाताने बघा : एकच व्यवहार दोन ठिकाणांहून कळवला गेल्याने आलेली दुबार रक्कम, संयुक्त खात्याचं व्याज, आणि शेअर विक्रीतली खरेदी किंमत. खरेदी किंमत ब्रोकरच्या टॅक्स पी अँड एलमधून (नफा-तोटा अहवालातून) घ्या, एआयएसमधली गृहीत धरू नका.